मामाच्या घरची पकड

मामेभावाच्या मुठीवर जन्मभर जळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर खानापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात रवळूला पाहायला हवं होतं. लोक दुसऱ्याच्या जमिनीवर जळतात, दुसऱ्याच्या बायकोवर, फार तर नव्या मोटारसायकलीवर. रवळूला यातलं काही टोचत नसे. घरी भाताच्या चार वाफ्यांपुरती जमीन होती, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साचे भरायची नोकरी होती, अंगात रग होती. त्याच्या पोटात दुखायचं ते फक्त मष्णूच्या मुठीवरून.

मष्णू म्हणजे जोतिबामामाचा थोरला. दोघं एका वर्षाचे, एका तालमीतले, एकाच वस्तादाच्या हाताखाली घोळलेले. डावपेच रवळूचे चांगले. चपळ असा की समोरच्याला काय झालं हे कळायच्या आत त्याला आभाळ दिसायचं. मष्णू तसा थंड डोक्याचा, जड अंगाचा. पण त्याच्याकडं पकड होती. त्यानं एकदा मनगट धरलं की ते मनगट त्याचं झालं. गावातली म्हातारी माणसं सांगायची, ही पकड जोतिबाच्या आज्याला होती, तो धरलेला बैल सोडत नसे. ती दोन पिढ्या लपली आणि मष्णूत वर आली. रवळूची आई सोनुबाई ही जोतिबाची धाकटी बहीण. म्हणजे तो आजा रवळूच्याही रक्तातलाच. मग पकड त्याच्या वाट्याला का आली नाही? हा प्रश्न त्यानं देवाला विचारला, वस्तादाला विचारला, आणि उत्तर मिळेना तसा तो आतल्या आत करपत गेला.

चौऱ्याहत्तर साली जत्रेच्या मैदानात जे झालं त्यानं तर आगीत तेलच पडलं. रवळूची कुस्ती आधी लागली. त्यानं हां हां म्हणता गडी चीत केला, हाताची माती झटकली, दोन टाळ्या वाजवल्या आणि नारळ घेऊन बाहेर आला. लोकांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. मग शेवटची जोड, मष्णू आणि धारवाडकडचा एक नावाजलेला पैलवान. पुष्कळ वेळ झटापट झाली. अखेर मष्णूनं मागून कमरेला मिठी घातली, गड्याला उचललं आणि पाठीवर आदळलं. पंचांनी हात वर केला. हलगी कडाडली. आणि मष्णू सोडेचना.

"झाली कुस्ती, सोड रं!" पंच ओरडले.

मष्णूची बोटं एकमेकांत अडकलेली, चेहरा मातीत, दात आवळलेले. धारवाडचा गडी खालून कानडीत काय काय बोलत होता. वस्ताद धावला, मष्णूच्या पाठीवर हात फिरवत त्याच्या कानाशी लागला. बऱ्याच वेळानं ती बोटं एकेक करून सुटली. तोवर मैदान वेडं झालं होतं. "ह्याला म्हणायचं पकड! जिंकला तरी सोडंना!" फेटे उडाले. मष्णूला खांद्यावर घेऊन मिरवलं, आणि नशीब बघा, त्या गर्दीत मष्णूची डावी मांडी नेमकी रवळूच्या खांद्यावर आली. आपल्या जळफळाटाचं ओझं इतकं प्रत्यक्ष खांद्यावर वाहायची वेळ फार थोड्या माणसांवर येत असेल.

त्या दिवसापासून रवळूनं स्वतःची मूठ घडवायचा ध्यास घेतला. फौंड्रीतली ओली वाळू मुठीत दाबायची, गोणपाट पिळायचं, झाडाच्या फांदीला लोंबकळायचं. मूठ दणकट झाली, नाही असं नाही. त्यानं धरलेला लोखंडी साचा दोघांना सोडवता यायचा नाही. पण मनात 'सोड' आलं की बोटं लगेच उघडायची. कधी मुद्दाम न सोडायचं ठरवून बसला, तरी त्यात ती मजा येईना. आपली मूठ हुकमाची ताबेदार आहे आणि मष्णूची स्वतःच्या मर्जीची मालकीण आहे, असं त्याला वाटायचं आणि झोप उडायची.

पुढच्या सालाला मष्णूनं कुस्ती सोडली. कारण सांगितलं नाही. लंगोट देवळात ठेवला आणि खानापूरला एका लाकडाच्या वखारीत राखणदार म्हणून जाऊन बसला. दुसरा कुणी असता तर लोक म्हणाले असते, भ्याला. मष्णूला म्हणाले, वैरागी आहे. हेही रवळूला सोसलं नाही. ज्याच्यासाठी आपण तळमळतोय ते ह्या गड्यानं खुंटीला टांगून ठेवावं, हा कुठला न्याय?

आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. पकड आपल्यात नाही, ठीक आहे. आपल्या पोरात आणू. चांगल्या वळूचं बीज गोठ्यात आणतात, तसाच सरळ हिशेब. मामाची मुलगी करायची आपल्याकडं रीतच आहे; कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. जोतिबामामानं स्वतः आपल्या थोरल्या बहिणीची लेक केली होती आणि त्यातूनच मष्णू झाला होता. रवळूचा तर्क असा की घरातल्या घरात मुरलं म्हणूनच ते इतकं कडक उतरलं. आपण मष्णूची बहीण तानुबाई केली की आणखी मुरेल.

सोनुबाईला काय, भावाची लेक सून म्हणून येते म्हटल्यावर ती पायघड्याच घालायला निघाली. मामाही तयार. आडवा आला तो एकटा मष्णू.

वखारीत ओंडक्यावर बसून तो रवळूला म्हणाला, "तानूला दुसरीकडं दिऊया म्हणतो मी. तूबी दुसरी बघ."

"का? माझ्यात काय कमी हाय?"

"तुझ्यात न्हाय रं. आमच्या घरात काय हाय ते तुला म्हाईत न्हाय." एवढं बोलून मष्णू ओंडके मोजायला लागला. आणखी खोदून विचारलं तरी मोजतच राहिला.

रवळू पेटला. आता कळलं, लेकाला पकड घराबाहेर जाऊ द्यायची नाही! दडवून ठेवायचीय! त्यानं दातओठ खात लग्नाची तारीख अलीकडं ओढून घेतली आणि तानुबाईला घरी आणली.

तानुबाई बोलायला फटकळ होती. नवरा येता-जाता तिचे हात निरखतो, पाणी शेंदताना उभा राहून बघतो, हे तिनं काही दिवस पाहिलं आणि एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "तुमी लगीन माझ्यासंगं केलासा का आण्णाच्या मुठीसंगं?" रवळूनं मान खाली घालून भाकरी खाल्ली. तिच्या हातात काही विशेष नव्हतं. धरायची तेव्हा धरायची, सोडायची तेव्हा सोडायची.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मुलगी झाली. रवळूला मुलगा हवा होता हे उघड आहे, पण त्यानं धीर सोडला नाही. आज्याची पकड मधल्या पिढ्या लपून वर येते हे त्याला पाठ होतं. बाळाच्या मुठीत त्यानं आपलं बोट दिलं, बाळानं ते गच्च धरलं, आणि हा बाहेर येऊन ओरडला, "आली! पकड आली!" बाळंतपणाला आलेली सुईण नागुबाई आतून म्हणाली, "गप बस रं बाबा, समद्याच पोरांची मूठ अशी असती." पण ऐकतो कोण? पोरीचं नाव मामाच्या आईवरून राजाबाई ठेवलं. हाक मारायची राजी.

राजी सात-आठ वर्षांची होईपर्यंत काही दिसलं नाही. मग एका पंचमीला वडाखाली पोरी फुगड्या घालत होत्या. राजी शेजारच्या मालुबाईच्या पोरीबरोबर फिरत होती. फिरून फिरून दोघी दमल्या, थांबल्या. मालुबाईच्या पोरीनं हात सोडले. राजीनं सोडले नाहीत. ती पोर ओढू लागली, मग रडू लागली. "सोड की गं!" राजीचा चेहरा गोंधळलेला, बोटं पांढरी पडलेली. अखेर बायका जमल्या तेव्हा बोटं सैल झाली आणि मालुबाईनं राजीला एक ठेवून दिली.

रवळू पारावरून बघत होता. त्याला आकाश ठेंगणं झालं. पोरीला मार बसलाय, ती मुसमुसतेय, याचं त्याला काही नाही. दुसऱ्या दिवशी फौंड्रीतून सुटल्यावर त्यानं बेळगावातून कुंद्याची मिठाई घेतली आणि थेट मामाचं घर गाठलं. तो कुंदा वाटायला नव्हता, डिवचायला होता. वखारीतून घरी आलेल्या मष्णूच्या समोर पुडा ठेवून त्यानं सगळी हकीकत रंगवून सांगितली. "तुझी एकट्याची न्हाय आता. आमच्याबी घरात आली."

मष्णूनं कुंद्याला हात लावला नाही. त्याचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "तिला लई दमवू नको रवळू. गार पाण्यात हात घालू दिऊ नको. थंडीच्या दिसांत तर अजाबात न्हाय."

रवळू परतीच्या वाटेवर एकटाच हसत आला. काय तो चेहरा! इतक्या वर्षांनी मष्णूच्या पोटात दुखायला लागलं! आता जळायची पाळी त्याची. त्या रात्री रवळूला शांत झोप लागली, आणि मष्णू जे जे करू नको म्हणाला ते ते सगळं करायचं त्यानं ठरवून टाकलं. वैऱ्यानं झाकायला सांगितलं म्हणजे तिथंच काहीतरी आहे.

राजीला तो पहाटे उठवायचा. गार पाण्यात बुडवलेला पंचा पिळायला लावायचा. दोराला लोंबकळायला लावायचा. पोर धावली की पाय ताठ होऊन पडायची, ते त्याला दिसत नव्हतं. तिची मूठ जास्त वेळ बंद राहते एवढंच दिसत होतं. तानुबाई भांडायची. "पोरीला काय आखाड्यात उतरवणार हाईसा? हात दुखतात तिचे." राजी मात्र म्हणायची, दुखत नाहीत, नुसते ऐकत नाहीत. बाप खूश होतो हे तिला कळलं होतं आणि बाप खूश होणं ही त्या घरात मोठी गोष्ट होती.

ऐंशीच्या दशकातली ती थंडी आमच्याकडं लोकांना अजून आठवते. मामाकडं जत्रेचं जेवण होतं, पाव्हण्यांनी अंगण भरलेलं. सकाळी विहिरीवर पाणी काढायचं होतं. रवळूनं बायकांना बाजूला केलं. "राजी काढंल," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मामाच्या घरची पकड हाय म्हणावं. बघा."

राजीनं एक घागर काढली. दुसरी काढली. पाव्हणे कौतुक करायला लागले तसा रवळूचा आवाज चढला. गार, ओला दोर. पोरीचे हात लालबुंद झालेले. पुढची घागर अर्ध्यावर आली आणि राजी थांबली. दोर ओढायचा तर एक हात सोडून वर धरावा लागतो. तो सुटेना.

"सोडू नको! दाखव त्यास्नी!" रवळू ओरडला.

भरली तांब्याची घागर खाली खेचायला लागली. राजी दोरासकट पुढं सरकली, काठाच्या दगडावर आदळली, तिचे हात वर कप्पीकडं जायला लागले. आता सगळेच ओरडले, "सोड! सोड गं पोरी!" आणि रवळूही ओरडला, "सोड!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला ही मूठ सुटायला हवी होती. ती सुटली नाही. राजीचं एक बोट कप्पीत गेलं.

मष्णू कुठून आला कुणाला कळलं नाही. त्यानं विहिरीवर वाकून दोर घागरीच्या बाजूनं धरला, सगळा भार आपल्यावर घेतला. "तिला ओढू नका! तिला सोडता येत न्हाय!" तो किंचाळला. "येत न्हाय सोडता! थांबा जरा!"

लोकांनी घागर वर घेतली, कप्पी उलटी फिरवून बोट मोकळं केलं. तरी राजीच्या मुठी दोरावर तशाच. आणि मष्णूच्याही. एकाच दोरावर चार मुठी, दोन थोराड, दोन कोवळ्या, आणि ते दोघं एकमेकांकडं बघत उभे. रक्त दोरावरून गळत होतं. मष्णू तिच्याशी हळू बोलत होता. मधे शिरायला रवळूला जागाच नव्हती.

बेळगावच्या मोठ्या इस्पितळात बोटाला टाके पडले. बोट वाचलं, नख गेलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की पोरगी मूठ आवळते ती लवकर उघडत नाही. त्यांनी तिला वरच्या मजल्यावर डॉक्टर सिद्राम कुरण्यांकडं पाठवलं. कुरणे निपाणीचे. आई विड्या वळायची, मुलगा शिकून स्नायूंचा डॉक्टर झालेला. समोर कोण बसलाय ते पाहून मराठी, कानडी, हिंदी बदलायची त्यांची हातोटी होती.

त्यांनी राजीच्या हातात बारीक सुई घातली. सुईची तार एका यंत्राला, यंत्राला भोंगा. राजीनं मूठ आवळली की भोंग्यातून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा तडतडाट यायचा. डॉक्टरांनी तिला पुन्हापुन्हा भराभर मूठ आवळायला लावली आणि मग म्हणाले, "सोड." तडतडाट एकदम बंद. खोलीत चिडीचूप. आणि मूठ मात्र बंदच.

"मेंदूचा हुकूम थांबलाय," कुरणे म्हणाले. "हिनं सोडलंय. पण स्नायू अजून धरून बसलाय." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे?"

तानुबाईनं रवळूकडं पाहिलं. रवळूनं भिंतीकडं. शेवटी तीच म्हणाली, "माझ्या भावाला."

राजीच्या आणि मष्णूच्या दंडातल्या स्नायूचा बारीक तुकडा बंगळूरला तपासायला गेला. उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात कुरण्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं: रवळू, तानुबाई, राजी आणि मष्णू. चौघं त्यांच्यासमोर बाकावर बसले. मष्णू हात मांडीखाली दाबून बसला होता.

"शेतात पाणी कसं देता?" कुरण्यांनी रवळूला विचारलं.

"तळ्यावरनं पाट हाय. फळी उचलली की येतंय."

"आणि खालचं पाणी परत तळ्यात घालायचं झालं तर?"

"ते कसं जाईल? इंजान लावाय पायजे."

"बस्स, हेच," डॉक्टर खूश झाले. "स्नायूच्या प्रत्येक पेशीत आत बारीक पिशव्या असतात. त्यात कॅल्शियम भरून ठेवलेलं असतं. चुन्यात असतं, हाडात असतं, तेच. मेंदूचा हुकूम आला की पिशवीची फळी उघडते, कॅल्शियम बाहेर सांडतं आणि स्नायूचे धागे एकमेकांना धरून ओढतात. मूठ आवळली. याला फार काही करावं लागत नाही, पाणी उताराला लागतं तसं ते होतं. आता मूठ सोडायची. म्हणजे ते सांडलेलं सगळं पुन्हा पिशवीत भरायचं. चढावर. त्याला पंप लागतात. पिशवीच्या पडद्यात ते हजारोंनी बसवलेले असतात, प्रथिनाचे, डोळ्याला दिसणार नाहीत एवढे. एकेक पंप बाहेर तोंड करून कॅल्शियमचे दोन कण धरतो, थोडं इंधन जाळतो, तोंड आतल्या बाजूला फिरवतो आणि कण आत टाकतो. पुन्हा तोंड बाहेर, पुन्हा दोन कण. हे डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होतं म्हणून आपल्याला वाटतं, सोडायला काही लागतच नाही. सोडण्यालाच तर इंधन लागतं. मेलेल्या माणसाचं अंग ताठतं ते का? इंधन संपलं, सोडणार कोण?"

रवळूला आपल्या बापाची मूठ आठवली. तिरडीवर ठेवताना ती उघडत नव्हती आणि सगळे म्हणाले होते, जीव अडकलाय.

"हिचे पंप कमजोर आहेत," कुरणे म्हणाले. "आणि यांचेही. हळूहळू काम केलं तर भागतं. भराभर केलं, थंडीत केलं की सांडतं जास्त आणि उपसलं जातं कमी. जीवाला धोका नाही. काही गोळ्या आहेत, देऊन बघू. पण ही ताकद नव्हे बरं का. मूठ सुटत नाही ही ताकद नव्हे."

मग रवळू म्हणाला, "तानूकडनं आलं म्हणायचं."

"दोघांकडून. एकाकडून आलं असतं तर दिसलंच नसतं. घराणं एकच, फिरून फिरून तिथंच सोयरीक. तुमच्या आईकडून अर्धं तुमच्यात आलेलं आहे. जन्मल्यापासून तुमच्याजवळ आहे ते. फक्त तुमच्या हातात दिसलं नाही, कारण दुसरं अर्धं चांगलं होतं. दाखवा हात."

डॉक्टरांनी रबरी चेंडू रवळूच्या हातात दिला. भराभर दाबा, म्हणाले. मग म्हणाले, सोडा. चेंडू टपकन जमिनीवर पडून घरंगळत गेला. रवळूचा तळवा उघडा, समोर पसरलेला. वर्षानुवर्षं वाळू दाबून घट्टे पडलेला.

"झकास पंप आहेत," कुरणे म्हणाले.

बाहेरच्या व्हरांड्यात तानुबाई औषधं आणायला गेली तेव्हा मष्णू रवळूच्या शेजारी येऊन उभा राहिला. आयुष्यात बोलला नसेल एवढं तो बोलला. "मला वाटायचं, अंगात कायतरी शिरतंय. त्या धारवाडवाल्याला मी सोडत न्हवतो व्हय? मला सुटत न्हवतं रं. त्यो खालनं म्हणत होता, श्वास अडकलाय, सोड. मला कानडी कळत होतं की. त्यो मेला असता. लोक फेटं उडवत होते आन् मी मातीत तोंड घालून रडत होतो. म्हणून सोडली कुस्ती. सांगणार कुणाला? पैलवानाची मूठ उघडत न्हाय म्हटल्यावर हसली असती मानसं."

"मला सांगायचं हुतंस."

"तुलाच तर सांगवत न्हवतं." मष्णू थोडं हसला. "तू कुस्ती मारलीस की माती झटकून टाळ्या वाजवत बाहेर यायचास. ते बघून माझं काळीज जळायचं. मला कुस्ती झाल्यावर कधी टाळी वाजवता आली न्हाय, रवळू."

हे ऐकून रवळूच्या मनात काय यावं? पोरीच्या बोटाचं नख गेलेलं, त्याला कारण आपण, वर आत्ताच डॉक्टरांनी सगळं उलगडून दाखवलेलं. आणि तरी, सांगायलाच हवं, त्याला आनंद झाला. उकळी फुटावी तसा झाला. म्हणजे इतकी वर्षं हाही आपल्यावर जळत होता! ज्याच्या नावानं आपण बोटं मोडली तो आपल्या टाळीवर डोळा ठेवून होता! त्याला वाटलं, झालं, फिटलं, आता आपल्या छातीवरचा दगड उतरला.

तो आनंद पुरता जिरलाही नव्हता तोच त्याला बाकाकडून हसू ऐकू आलं.

मष्णू राजीजवळ जाऊन बसला होता. राजी विचारत होती, "मामा, डोळं गच्च मिटल्यावर तुमचंबी लगेच उघडत न्हाईत?"

"न्हाईत की."

"माझंबी! मला वाटायचं, माझंच असं. बघूया आधी कुणाचं उघडत्यात?"

दोघांनी डोळे गच्च मिटले. चेहरे आवळलेले, तसेच बसून राहिले. कुणाचेच उघडेनात, तशी दोघं अंधारातच खुदखुदू लागली. मष्णूच्या हातात राजीची मूठ होती. ती उघडायची तो वाट बघत होता, ओढत नव्हता, आणि तिला ठाऊक होतं की हा ओढणार नाही. जन्मल्यापासून ती बापाच्या समोर इतकी सैल बसलेली रवळूनं कधी पाहिली नव्हती.

आणि मग ते पुन्हा आलं. तेच, ओळखीचं जळणं. त्या दोघांचं काहीतरी एक होतं, आणि रवळू त्याच्या बाहेर होता. आता त्याला ठाऊक होतं की ही पकड म्हणजे दुखणं आहे, खोट आहे, बिघडलेला पंप आहे. तरी त्याला ते हवं होतं. ते असतं तर पोर त्याच्या खांद्याला टेकून बसली असती. मष्णूनं आधी मैदान नेलं, मग गाव नेलं, आता पोरगीही नेली, आणि तीही रवळूनं स्वतःच्या हातानं, हट्टानं, रीतसर लग्न करून त्याच्या पदरात घातली होती.

तो बाकाजवळ गेला. राजीचे डोळे नुकते उघडले होते. तिच्यासमोर उकिडवा बसला, उजवा हात पुढं केला, मूठ आवळली, आणखी आवळली, दंड थरथरेपर्यंत.

"राजी, माझीबी सुटंना झालीया बघ," तो म्हणाला. "कधीची सुटंना."

राजीनं दुखऱ्या बोटाचा हात मागं ठेवला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या मुठीत सरकवलं. ओढलं नाही. मामा थांबला होता तशी थांबली. तिच्या बोटाचा स्पर्श झाला आणि रवळूची मूठ आपोआप उघडली.

तिनं त्या उघड्या तळव्याकडं पाहिलं, मग बापाकडं.

"तुमची सुटती की आप्पा," ती म्हणाली, आणि पुन्हा मामाकडं वळली.